देखणे पण खाष्ट : जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या वार्षिकात व्हिडिओ गेमवर लेख लिहावा, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. आमच्याकडून सहकारी पतसंस्था, तंबाखूचे भाव, फार तर वस्तू व सेवा कर अशा विषयांची अपेक्षा असते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या खेळांविषयी मी लिहिणार आहे त्यांतही भांडवल आहे, भाडे आहे, गिऱ्हाइकाच्या खिशाचा बारीक हिशेब आहे. शिवाय चित्रकला आहे, संगीत आहे आणि मनस्ताप तर भरपूर आहे. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रश्न असा की, साधारण १९८५ ते १९९५ या काळात निघालेले कित्येक व्हिडिओ गेम दिसायला इतके देखणे आणि खेळायला इतके खाष्ट का? आजचा मोबाइलवरचा खेळ कापडदुकानातल्या नोकरासारखा अदबीने वागतो. चुकलात तर हरकत नाही म्हणतो, पुढची पायरी बोट धरून दाखवतो आणि एखादी जाहिरात पाहिलीत तर जीवदानही देतो. जुना खेळ तसा नव्हे. तो तुम्हाला सुंदर वाड्याच्या दारात उभा करतो आणि पहिल्याच पावलाला उंबऱ्यावर आपटतो. वर पुन्हा पहिल्यापासून यायला सांगतो. आणि गंमत अशी की माणसे येत. माझा मामा येत असे, माझी मावशी येत असे आणि आता वसतिगृहात आम्ही काही जणी येतो.

या खाष्टपणाचे एकच कारण सांगता येत नाही. निदान तीन निरनिराळी कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. त्यांतली दोन सरळ सरळ व्यापारी आहेत.

पहिले कारण नाणे. व्हिडिओ गेम घराघरांत येण्यापूर्वी ते दुकानांत उभ्या पेटाऱ्यांच्या रूपात होते. नाणे टाकायचे आणि खेळायचे. अशा यंत्राचे अर्थशास्त्र चहाच्या हॉटेलातल्या टेबलासारखे असते. एकच गिऱ्हाईक एका कपावर तासभर बसले तर मालकाचे भाडे निघत नाही. म्हणून खेळ असा रचावा लागे की नवखा माणूस काही मिनिटांत हरेल, पण हरताना त्याला वाटेल की थोडक्यात हुकले, आणखी एक नाणे टाकले तर जमेल. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. नुसता अवघड खेळ कोणी दुसऱ्यांदा खेळणार नाही. हरणाऱ्याला हरण्यात स्वतःचाच दोष दिसला पाहिजे आणि पुढे काहीतरी पाहण्यासारखे आहे असा लोभ सुटला पाहिजे. चित्रांचा देखणेपणा इथे कामाला येतो. पुढच्या मजल्यावरचे देखावे हेच आमिष.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९८५ सालचा ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ हा या जातीचा मासलेवाईक नमुना. चिलखत घातलेला एक शूर सरदार स्मशानातून राजकन्येच्या शोधात निघतो. एक फटका बसला की चिलखत गळून पडते आणि सरदार नुसत्या अंतर्वस्त्रावर उभा राहतो. दुसरा बसला की हाडांचा ढीग. इतके सोसून जो शेवटास पोहोचेल त्याला सांगितले जाते की हा सारा भुलावा होता, आता सगळा खेळ पहिल्यापासून पुन्हा खेळा. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच दिसतो. वसुलीची ही तऱ्हा आमच्या भागातल्या सावकारांनाही सुचली नसती.

पुढे खेळ घरच्या टीव्हीवर आले. नाणे गेले, पण खोड राहिली. आपल्याकडे त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि त्यात बसवायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला ‘कॅसेट’. मामा सांगतो की त्याच्याकडच्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात वीस-पंचवीसच होते आणि तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यादीत येत. साठ्याची मोजणी कशी करू नये याचे हे उत्तम उदाहरण आहे. या कॅसेटींतला सर्वांचा लाडका खेळ म्हणजे कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’. पेटाऱ्यावर तो १९८७ साली आला आणि घरच्या यंत्रावर १९८८ साली. जंगल, धबधबा, बर्फ अशी त्यात सुरेख दृश्ये आहेत, पण एक गोळी लागली की माणूस संपला. असे तीन जीव मिळत. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे आणि मग दोन बटणे, अशा क्रमाने कळा दाबल्या की तीनाचे तीस होत. हा क्रम मुळात ‘काँट्रा’साठी नव्हता. काझुहिसा हाशिमोतो नावाचे कोनामीतले गृहस्थ ‘ग्रेडियस’ हा दुसरा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करीत होते. तपासणी करताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही खिडकी ठेवली आणि ती तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारले. करणाऱ्यालाच न झेपणारी वस्तू बाजारात विकली जात होती, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

घरच्या खेळांना अवघड ठेवण्यामागे आणखी एक अडचण होती, ती जागेची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज आपण व्हॉट्सअॅपवर पाठवतो तो सुप्रभातचा फोटोही त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत किती मजले, किती राक्षस मावणार? हात बसलेला माणूस ‘काँट्रा’ अर्ध्या तासाच्या आत संपवतो. पण गिऱ्हाइकाने कॅसेटला चांगले पैसे मोजलेले असत. अर्ध्या तासात संपणारी वस्तू त्याला महाग वाटली असती. म्हणून तो अर्धा तास हुकमी यायला महिना लागेल अशी व्यवस्था केली जाई. दुधात पाणी घालतात तसे खेळात मरण घालीत.

दुसरे व्यापारी कारण भाड्याचे. अमेरिकेत खेळांच्या कॅसेटी, सिनेमाच्या कॅसेटींसारख्या, दोन-तीन दिवसांच्या भाड्याने मिळत. भाड्याचे पैसे दुकानदाराला. खेळ करणाऱ्याला मिळकत नव्या विक्रीतूनच. शनिवार-रविवारात खेळ संपला तर तो विकत कोण घेणार? डिस्नीच्या ‘लायन किंग’ चित्रपटावरचा खेळ १९९४ साली वेस्टवूड स्टुडिओजने केला. त्याच्याइतके देखणे खेळ त्या काळात फार थोडे असतील. सिंहाच्या छाव्याची चाल डिस्नीच्या चित्रकारांच्या हाताखालून उतरलेली आहे. पहिला मजला सोपा आणि आनंदाचा. दुसऱ्या मजल्यावर माकडे छाव्याला एकमेकांकडे फेकतात आणि कोणत्या माकडावर कोणत्या क्रमाने डरकाळी फोडायची हे जमेपर्यंत पोरे रडकुंडीला येत. वेस्टवूडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की हा दुसरा मजला मुद्दाम अवघड करण्यात आला होता, भाड्याने नेलेल्याला खेळ फारसा पुढे नेता येऊ नये म्हणून. आम्ही या मजल्याचे नाव ‘माकडांचा कायदा’ असे ठेवले आहे.

इथे मला भेद करावासा वाटतो. अवघड वेगळे आणि खोडसाळ वेगळे. ज्या अडचणीचा उगम विक्रीच्या आकड्यांत आहे ती खेळताना ओळखू येते. तिच्यात खेळाचे स्वतःचे असे काही नसते. छाव्याची गोष्ट आणि माकडांचे कोडे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मध्येच टोलनाका बसवावा तसे ते बसवले आहे. याउलट काही जुने खेळ असे आहेत की त्यांतला अवघडपणा काढला तर देखणेपणाही जाईल, कारण दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत. हेच तिसरे कारण आणि माझ्या मते सर्वांत मनोरंजक. त्यासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घेऊ.

जॉर्डन मेक्नर हा येल विद्यापीठात शिकणारा मुलगा. शिकत असतानाच त्याने ‘कराटेका’ नावाचा खेळ केला, तो १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि चालला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका मोकळ्या वाहनतळावर पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून त्याचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, त्यांवरून आकृतीच्या कडा गिरवल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ सालच्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या द्वंद्वयुद्धाची काही सेकंदांची फीत अशीच गिरवली. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिले. घरचे भांडवल, घरचे मजूर. आपल्याकडच्या एखाद्या लघुउद्योगासारखाच कारभार. खेळ १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी बाहेर पडला. तोवर त्या संगणकाचा बाजार उठत आला होता, त्यामुळे चार वर्षांच्या मेहनतीचा माल सुरुवातीला पडून राहिला. १९९० मध्ये डॉसवर आणि मग इतर यंत्रांवर गेल्यावर तो जगभर पोहोचला.

आता मुद्दा. त्या काळच्या बहुतेक खेळांत कळ दाबली की बाहुला तत्क्षणी उडतो. मारिओ हवेत असतानाही दिशा बदलतो. ते माणसाचे चालणे नव्हे, कळीचे चालणे आहे. मेक्नरच्या राजपुत्राचे अंग मात्र खऱ्या मुलाच्या अंगावरून घेतलेले. पळता पळता थांबायचे तर खरा माणूस दोन पावले घसरतो, राजपुत्रही घसरतो. उडी मारण्यापूर्वी खरा माणूस गुडघे वाकवतो, राजपुत्रही वाकवतो. आणि ही सगळी चित्रे पुरी होईपर्यंत तुम्ही दाबलेली पुढची कळ ऐकली जात नाही. म्हणून कड्याच्या टोकाशी येऊन उडीची कळ दाबाल तर उशीर झालेला असतो. ती दोन पावले आधी दाबायची असते. खेळणाऱ्याला वाटते की यंत्र ऐकत नाही. वस्तुतः यंत्र माणसाच्या शरीराइतकेच हळू ऐकते. जी गोष्ट पाहताना डोळ्यांना लोणी वाटते तीच खेळताना बोटांना काटा होते. राजपुत्र चटकन वळू लागला तर तो राजपुत्र राहणार नाही, नुसता ठिपका होईल.

त्याचे नियमही शरीराचे आहेत. एक मजला खाली पडलात तर काही होत नाही, दोन मजले पडलात तर एक प्राण जातो, तीन मजले पडलात तर खेळ खलास. जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांमधून सावकाश चालत गेलात तर ओरखडाही उठत नाही. पळत गेलात किंवा वरून उडी टाकलीत तर संपलात. शिफ्टची कळ दाबून पाऊल टाकले की राजपुत्र टोकाशी येऊन आपोआप थांबतो. हे सारे एकदा कळले की खेळ अन्यायाचा वाटत नाही. शेताच्या बांधावरून चालताना आपण असेच चालतो.

आणि वर साठ मिनिटांचे घड्याळ. वजीर जाफरने राजकन्येला तासाची मुदत दिलेली आहे. मेलात तर चालू मजल्याच्या आरंभी पुन्हा उभे राहता, कितीही वेळा. पण घड्याळ मागे जात नाही. उधारी हवी तेवढी, मुदत मात्र एकच. प्रत्येक चुकीची किंमत सेकंदांत चुकवावी लागते आणि ती कुठेही लिहून दाखवलेली नसते. परिव्यय लेखांकन शिकताना अप्रत्यक्ष खर्च म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा या खेळाने लवकर समजावले, असे म्हटले तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

माझी मावशी निपाणीची. १९९६ साली बी. कॉम. झाल्यावर तिने गावातल्या एका संगणक वर्गात नाव घातले. तिथे डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवीत. मामा व्हिडिओ पार्लरमध्ये जाऊ शके; मुलींनी तिथे जाण्याची रीत नव्हती. संगणक वर्गात मात्र मुली जात, कारण तो अभ्यास होता. शनिवारी शेवटचा अर्धा तास मुलांना काय हवे ते करू देत आणि त्या अर्ध्या तासात मावशीला राजपुत्र भेटला. खेळ मध्येच जतन करून ठेवण्याची सोय डॉसवर होती, परंतु वर्गात बाहेरची फ्लॉपी घालायला बंदी होती आणि वर्गाच्या संगणकावर कोणी ठेवले तर पुढच्या शनिवारपर्यंत ते पुसलेले असे. म्हणून दर शनिवारी पहिल्यापासून. साठ मिनिटांचा खेळ आणि हातात तीस मिनिटे, त्यांतही वीज राहिली तर. हा हिशेब कोणत्याही परीने जुळणारा नव्हता. तीन महिन्यांच्या त्या वर्गात ती चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचली. तिथे बाहेरचे दार उघडून परत वळले की वाटेत एक आरसा उभा असतो. पूर्वी तो तिथे नव्हता. त्यातून पलीकडे जाता येत नाही. मावशी तिथे थांबली, वर्ग संपला, आणि ती एका तंबाखूच्या वखारीत हिशेबाला लागली. आरशापलीकडे काय आहे हे तिला सव्वीस-सत्तावीस वर्षे ठाऊक नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी माझ्या लॅपटॉपवर तो खेळ लावला. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे दोन हजारांहून अधिक जुने खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले आहेत, त्यांत हाही आहे. मावशीची बोटे पहिले तीन मजले विसरली नव्हती. आरशापाशी आल्यावर मी उत्तर सांगणार तोच ती म्हणाली, “सांगितलंस तर बघ हं!” मला उत्तर माहीत होते आणि मला गप्प बसून पाहायचे होते. हे फार कठीण काम आहे. परीक्षेत पर्यवेक्षण करणाऱ्या प्राध्यापकांविषयी मला तेव्हापासून आदर वाटू लागला. ती चालत जाऊन आरशाला टेकली, थांबली, मागे आली, खाली-वर वाट शोधली. दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी तिने चष्मा वर सरकवला, राजपुत्राला बरेच मागे नेले आणि पळत येऊन आरशावर उडी घेतली.

राजपुत्र आरपार गेला. आणि त्याच क्षणी आरशातून त्याची काळी सावली विरुद्ध दिशेला उडी मारून पळून गेली. राजपुत्राच्या अंगात एकच प्राण उरला. मावशी म्हणाली, “अगं, हा तर आपलाच चोर निघाला की!”

या सावलीची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. मेक्नरच्या खेळात आधी लढाई जवळजवळ नव्हतीच. राजपुत्राच्या चित्रांनीच संगणकाची स्मृती भरून गेली होती, शत्रूसाठी नवी चित्रे ठेवायला जागा नव्हती. खेळ कोरडा वाटतो, कोणीतरी प्रतिस्पर्धी हवा, असे त्याची सहकारी टोमी पिअर्स त्याला सांगत राही. शेवटी त्याला सुचले की राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवर उलटी टाकली तर एक लुकलुकती छायाकृती तयार होते आणि तिला वेगळी जागा लागत नाही. गरिबीतून उभा राहिलेला तो शत्रू साऱ्या खेळाचा गाभा झाला. ही सावली पाचव्या मजल्यावर तुमच्या डोळ्यांदेखत औषधाचा घडा पिऊन जाते, सहाव्यावर दार लावून तुम्हाला खाली पाडते, आणि बाराव्या मजल्यावर तलवार घेऊन समोर उभी राहते. तिथे तुम्ही तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हालाच लागतो. तिथली युक्ती मी लिहीत नाही. मावशी हा अंक वाचणार आहे.

उत्तर आधी सांगावे की नाही, यावर वसतिगृहात आमचे बरेच वाद झाले. आज जुने खेळ नव्या वेष्टनात निघतात त्यांत पाहिजे तेव्हा मागे फिरण्याची सोय असते; २०१९ साली ‘लायन किंग’ आणि ‘अल्लादीन’ पुन्हा निघाले त्यांतही ती आहे. चूक झाली की कळ दाबून काही सेकंद मागे जायचे, जणू झालेच नाही. माझी खोलीतली मैत्रीण बैलहोंगलची. तिचे म्हणणे असे की ही सोय म्हणजे खोडरबराने गणित सोडवणे. मी तिच्याशी अर्धीच सहमत आहे. माकडांच्या कोड्यावर मागे फिरण्याची सोय वापरायला मला मुळीच संकोच वाटत नाही. टोलनाका चुकवण्यात कसले पाप? पण राजपुत्राच्या बाबतीत घड्याळच मागे नेले तर उरते काय? शिवाय सर्वांची बोटे सारखी नसतात, सर्वांना वेळ सारखा नसतो. मावशीला अर्धाच तास मिळत होता. तिला १९९६ साली अशी सोय असती तर तिने ती वापरली असती आणि मी तिला नावे ठेवली नसती. तिने स्वतः मात्र, आता सोय असूनही, ती नको म्हटली.

याच मैत्रिणीमुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. राजपुत्राच्या खेळात आरंभीची चार ओळींची इंग्रजी हकिकत सोडली तर भाषा जवळपास नाहीच. मी मराठी माध्यमातली, ती कन्नड माध्यमातली; दहावीनंतर इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी आम्हा दोघींचे सारखेच हाल केले. हा खेळ मात्र दोघींनाही सारखाच कळला, कारण त्यात वाचायचे काही नाही, पाहायचे आहे. एक अपवाद आहे. डॉसवरच्या मूळ प्रतीत पहिल्या मजल्यानंतर एका दालनात अक्षरे लिहिलेले घडे येतात. छापील पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधून तोच घडा प्यायचा. चुकीचा प्यायलात तर प्राण घटत. नक्कल केलेल्या फ्लॉपीबरोबर पुस्तिका येत नाही, म्हणून चोर पकडण्याची ही युक्ती. तिने चोर किती पकडले कोण जाणे. पुस्तिका हरवलेला प्रामाणिक माणूस मात्र नक्की अडकला असणार.

आमची मैत्रीण हरली की “इन्नोंद सल” म्हणते, म्हणजे आणखी एकदा. कन्नडात ‘सल’ म्हणजे खेप. मराठीत सल म्हणजे मनात रुतून राहिलेले दुःख. आमच्या खोलीत हा शब्द दोन्ही अर्थांनी एकदमच वापरला जातो. (ती या अंकाच्या कन्नड विभागात याच विषयावर लिहिणार होती, शेवटी तिने महालिंगपूरच्या गुळावर लिहिले. गूळ खाष्ट नसतो.)

जे वाचक हे खेळ पुन्हा खेळून पाहतील त्यांना एक तांत्रिक सूचना. जुने खेळ आता पूर्वीपेक्षा अधिक अवघड वाटतात, आणि तो नेहमीच वयाचा दोष नसतो. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आलेला संकेत जवळजवळ तत्काळ पडद्यावर टाकी. आजचा सपाट टीव्ही चित्र आधी आपल्या पोटात घेतो, ते गुळगुळीत करतो, मोठे करतो, मग दाखवतो. यात सेकंदाचा अगदी लहानसा अंश जातो, पण ‘काँट्रा’सारख्या खेळात एका सेकंदात साठ चित्रे सरकतात, गोळी चार-पाच चित्रे पुढे गेल्यावर तुम्हाला दिसली तर बोटे काय करणार? टीव्हीच्या मांडणीत ‘गेम मोड’ असतो, तो लावावा. देखणेपणाचेही तसेच. जुन्या पडद्यावर ठिपक्यांच्या कडा किंचित पसरत आणि एकमेकांत मिसळत. चित्रकारांनी ते गृहीत धरून रंग भरले होते. सपाट पडद्यावर तेच चित्र फरशीसारखे चौकोनी दिसते. मामाने ‘काँट्रा’चा धबधबा माझ्या लॅपटॉपवर पाहिला आणि हे ते नव्हेच म्हणाला. त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

देखण्या खेळांसाठी आता जपान-अमेरिकेकडेच पाहावे लागते असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. त्यात पहाडी चित्रशैलीचा उपयोग केला आहे. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला तो फसला, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. मेक्नरची चार वर्षे आणि हा फ्लॅट, दोन्ही एकाच खात्यावर मांडावे लागतील. ‘राजी’ खाष्ट नाही. ती रस्ता दाखवते. मला ती आवडली, पण मावशीला ती दिली तेव्हा दोन तासांनी तिने विचारले, “यात मरत कधी नाही का गं?”

शेवटी टिकाऊपणाविषयी थोडे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मूळ आज्ञावली, म्हणजे मेक्नरने स्वतः टंकलेला मजकूर, कित्येक वर्षे हरवलेली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. चुंबकीय तबकडीवरचा मजकूर काळाच्या ओघात आपोआप पुसट होत जातो, म्हणून जाणकारांना बोलावून विशेष यंत्राने त्या वाचून घेण्यात आल्या. मजकूर शाबूत निघाला आणि मेक्नरने तो सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. जगभर गाजलेल्या वस्तूची ही स्थिती, तर आपल्या गावोगावच्या संगणक वर्गांतल्या फ्लॉपींचे काय झाले असेल?

मावशीकडे अशा दोन आहेत, तिच्या वर्गातल्या. बेळगावात दुरुस्तीच्या एका दुकानातून मी बाहेरून जोडायचे फ्लॉपी यंत्र दोन दिवसांसाठी आणले. एक फ्लॉपी वाचली गेली. तीत खेळ नव्हता. लोटसमधला एक पगारपत्रक होता, काल्पनिक कंपनीचा, आठ नोकरांचा, भविष्यनिर्वाह निधीच्या रकान्यासकट. मावशीने बेरजा तपासल्या आणि त्या बरोबर असल्याचे सांगितले. दुसरी फ्लॉपी घरघर करते आणि त्रुटी दाखवते. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. राजपुत्र सध्या आठव्या मजल्यावर आहे, घड्याळात एकोणीस मिनिटे उरली आहेत.